तोंडाने उत्तर द्यावे

१९ ऑगस्ट, शुक्रवार

खात्याकडून माझ्या नावाची पाटी आली. पितळी आहे. साकियासीचं त्यांनी 'साकासिया' केलंय, पण खाली 'व्यवस्थापक, तुलुगार्विक विमानतळ' एवढं अगदी बिनचूक आहे. नाव काय, गावात सगळ्यांना माहीतच आहे. पाटी टेबलावर दिमाखात मांडली. मी मागे वळतो न वळतो तोच पीपीलीने तिच्यावर चहाचा कप ठेवला.

व्यवस्थापक म्हटलं की दैनंदिनी हवी. उद्या दुसऱ्या एखाद्या गावात विमानतळ झाला तर त्यांना मार्गदर्शन कोण करणार? तेव्हा आजपासून सुरुवात.

उत्तर ध्रुवाकडच्या आमच्या गावचा विमानतळ म्हणजे खडीची धावपट्टी, वाऱ्याची नारिंगी पिशवी, इंधनाच्या टाक्या आणि टर्मिनल. टर्मिनलला गाव 'डबा' म्हणतं. डबा म्हणू नका, असं मी सांगून थकलो, पण इथे कुणाला काही सांगायची सोय नाही. माझ्या हाताखाली दोन माणसं. इटुलू बर्फ ढकलायचं यंत्र चालवतो, सामान उतरवतो आणि उरलेल्या वेळात डुलक्या काढतो. पीपीली हवामान बघते आणि रेडिओवर वैमानिकांशी बोलते. कामाला चोख आहे, पण तिच्यापुढे माझं काही चालत नाही. माझे आजोबा गेले त्याच हिवाळ्यात ती जन्मली आणि त्यांचं नाव तिला दिलं गेलं. म्हणजे ती माझे आजोबा झाली. वयाने माझ्या मुलीसारखी, पण मी तिला आजोबा म्हणतो आणि ती मला नातू म्हणते. आता आजोबांना 'कप उचला' असं कुठल्या तोंडाने सांगणार? मीच उचलला. पाटीवर गोल डाग राहिलाय.

२१ ऑगस्ट, रविवार

रविवारी आईला फोन करायचा असतो. आनाना, म्हणजे माझी आई, गेल्या हिवाळ्यात दारातच घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं. रुग्णविमानात आडवी घालून तिला दक्षिणेला नेलं, ती अजून तिथेच आहे. हाड केव्हाच जुळलं. पण घरी जायचं की तिथल्याच वृद्धाश्रमात राहायचं, हे म्हणे रुग्णाने स्वतः सांगायला हवं. तसा नियम आहे. आणि आनाना काही सांगतच नाही. तिच्यासाठी दुभाषी आहे, आपल्याच भाषेची बाई, पण ती तिसऱ्याच गावात बसून फोनवरून विचारते. आनाना गप्प. दुभाषी डॉक्टरांना सांगते, काही बोलत नाहीत. डॉक्टर तसं लिहून घेतात.

मीही दर रविवारी तेच विचारतो. आज नर्सने फोन तिच्या कानाला लावला. श्वास ऐकू येत होता. म्हटलं, "आनाना, घरी यायचंय ना?" काही नाही. पुन्हा विचारलं. काही नाही. एक तर ती माझ्यावर रागावली आहे, नाहीतर मी कोण हेच तिला आठवत नाही. दोन्हीतलं कुठलं बरं ते मला ठरवता येईना. मग मी तिला नव्या इंधनटाकीबद्दल सगळं सांगितलं आणि फोन ठेवला.

बायको लीतिया म्हणाली, स्वतः जाऊन का बघत नाहीस? मी तिला समजावलं की बदली माणूस मिळाल्याशिवाय व्यवस्थापकाला जागा सोडता येत नाही, आणि बदली माणूस खातं पाठवत नाही. लीतियाने एकदा माझ्याकडे बघितलं आणि शिकार करून आणलेला सील फोडायला घेतला.

२६ ऑगस्ट, शुक्रवार

खात्याचे निरीक्षक आले. नाव प्रेंटिस. उंच, बारीक, ऑगस्टातच कानटोपी घालून आलेला माणूस. इमारत बघितली, टाक्या बघितल्या, मान डोलावली. मग माणसांची तपासणी सुरू झाली.

पीपीलीला विचारलं, विमान उतरण्याआधी धावपट्टी तपासता का? पीपीलीने भुवया उंचावल्या. हो म्हणायला यापेक्षा जास्त काय करायचं असतं? भुवया वर म्हणजे हो, नाक मुरडलं म्हणजे नाही. आमच्याकडे पोरांना दात यायच्या आधी हे येतं. पण तो तिच्याकडे बघतच राहिला. पुन्हा विचारलं, जरा मोठ्याने. तिने आणखी उंचावल्या. तिसऱ्यांदा तो जवळजवळ ओरडला, तेव्हा तिच्या भुवया टोपीत गेल्या. मग माझ्याकडे वळून आपल्या भाषेत म्हणाली, "नातवा, ह्याला डोळ्यांचा काही त्रास आहे का रे?"

पुढचा प्रश्न, इथे कधी अपघात झालाय का? असल्या अभद्र प्रश्नाला मुरडावं तसं तिने नाक चांगलं जोरात मुरडलं. प्रेंटिस एक पाऊल मागे सरकला आणि स्वतःच्या बाहीचा वास घेऊन बघू लागला.

मी मध्ये पडून सांगणारच होतो. पण तपासणी चालू असताना व्यवस्थापकाने ढवळाढवळ करू नये, असं नियमात स्पष्ट आहे. शिस्त म्हणजे शिस्त.

२ सप्टेंबर, शुक्रवार

अहवाल आला. इमारत ठीक, टाक्या ठीक. पुढे असं: 'कर्मचारी प्रश्नांना उत्तर देत नाहीत. एका महिला कर्मचाऱ्याने उघड तिरस्कार दाखवला. आणीबाणीत असे कर्मचारी धोकादायक ठरतील.' ऑक्टोबरात पुन्हा तपासणी. तीत नापास झालो तर रुग्णविमानाला इथे उतरायची बंदी.

रोजचं छोटं विमान येत राहील, पण त्यात आडवं झोपवून माणूस आणता येत नाही. आणि आनानाला बसून एवढा प्रवास झेपणार नाही. लीतियाने चुलीवरचं भांडं खाली ठेवलं आणि म्हणाली, "म्हणजे ती हो म्हणाली तरी येणार कशातून?"  मला जेवण गेलं नाही.

३ सप्टेंबर, शनिवार

सुट्टी असूनही कामावर गेलो. सबंध दिवस खपून फलक तयार केला, आपल्या लिपीत आणि इंग्रजीत. 'विमानतळाच्या हद्दीत प्रश्नाचे उत्तर तोंडाने द्यावे. भुवया व नाक यांचा वापर करू नये. हुकमावरून, व्यवस्थापक.' डब्याच्या, म्हणजे टर्मिनलच्या, दर्शनी भिंतीवर लावला.

इटुलूने तो सावकाश वाचला आणि श्वास कशाने घ्यायचा असं विचारलं.

११ सप्टेंबर, रविवार

आज नर्सशी बरंच बोलणं झालं. नवीन मुलगी आहे, प्रेमळ वाटली. म्हणाली, तुमच्या आई शांत असतात, जेवतात, झोपतात, पण बोलत नाहीत. आणि काहीही विचारलं की त्यांना फार आश्चर्य वाटतं. मी म्हटलं, कसलं आश्चर्य? म्हणाली, कसलंही. थंडी वाजते का, आश्चर्य. खिडकी उघडू का, आश्चर्य. घरी जायचंय का विचारलं की सर्वांत जास्त आश्चर्य. चेहऱ्यावर दिसतंच ना, म्हणाली. आणि जेवण आवडलं का, असं विचारलं की त्यांना कसला तरी घाण वास येतो. तीनदा खोली धुऊन काढली, सुगंधी फवारे मारले, तरी येतोच.

फोन ठेवला. आठवण गेली की माणसाला रोजच्या गोष्टीही नव्या वाटत असणार. थंडीचंसुद्धा आश्चर्य वाटावं तिला! सबंध जन्म हिच्यात काढला तिने. माझी आई कळून न कळल्यासारखी जगतेय आणि मी इथे फलक लावतोय. पण दुसरं करू तरी काय? तपासणीत पास झालो तर निदान विमान तरी उतरेल.

१४ सप्टेंबर, बुधवार

प्रशिक्षणाचा पहिला वर्ग. सामान घ्यायला आलेलं निम्मं गाव बघायला थांबलं, कुणी घरून खुर्च्या आणल्या. मी प्रश्न विचारायचा, त्यांनी तोंडाने उत्तर द्यायचं. पीपीलीने पहिल्या प्रश्नालाच भुवया वर केल्या. मी फलकाकडे बोट दाखवलं. तिने भुवया वर करूनच तो वाचला.

मग मला एक युक्ती सुचली. दवाखान्यातून चिकटपट्टी आणली. आजोबांच्या कपाळाला पट्टी लावणं बरं दिसत नाही, म्हणून इटुलूच्या लावली. उपयोग झाला. त्याने पाचही प्रश्नांना खणखणीत 'हो' म्हटलं. दुर्दैवाने पट्टी काढताना त्याची डावी भुवई निम्मी गेली. पीपीली म्हणाली, आता हा अर्धाच हो म्हणू शकेल. गाव हसून हसून बेजार. मी वर्ग संपल्याचं जाहीर केलं.

२० सप्टेंबर, मंगळवार

गावाने माझी नुसती टर उडवायला घेतली आहे. दुकानात पीठ मागितलं, तर दुकानदारीण हात मागे बांधून ओरडली, "पीठ आहे, हे मी तोंडाने सांगते!" घरी लीतिया. चहा हवा का विचारलं तर म्हणते, होकारार्थी. मी दुर्लक्ष करतो.

दुपारी पीपीली वाऱ्याची पिशवी बदलायला गेली होती, म्हणून रेडिओवर मी. वैमानिक रेजाँ येत होता. बारा वर्षं आमच्याकडे येतोय, तोंडाचा फटकळ, पण हात सोन्याचा. धावपट्टी मोकळी आहे का, असं त्याने विचारलं. मी बटण दाबून उत्तर दिलं. त्याने पुन्हा विचारलं, मी पुन्हा दिलं. मागे लीतिया माझा जेवणाचा डबा घेऊन उभी होती. म्हणाली, "साकियासी, बटण दाबून चेहरा कुणाला दाखवतोयस?"

तेवढ्यात रेजाँच म्हणाला, "असू दे, उतरतो. तुलुगार्विकचं गप्प बसणं म्हणजे सगळं ठीक, एवढं मला कळतं."

रेडिओत बिघाड दिसतो. खात्याला तक्रार लिहिली आहे.

६ ऑक्टोबर, गुरुवार

दुसरी तपासणी! जिंकलो!

प्रेंटिस दुपारच्या विमानाने आला. माझी माणसं रांगेत उभी होती. एकाचीही भुवई हलली नाही. (इटुलूची हलण्यासारखी फारशी उरलेलीच नाही.) प्रेंटिसने इटुलूला विचारलं, "कामावर असताना तुम्ही दारू पीत नाही ना?" इटुलू छाती काढून म्हणाला, "हो." म्हणजे बरोबर आहे, पीत नाही. प्रेंटिसने त्याच्याकडे नीट बघून घेतलं आणि लिहिलं. मग, "आग विझवायची साधनं नादुरुस्त नाहीत ना?" "हो." पुन्हा लिहिलं. मग पीपीलीकडे वळला. "तुम्हाला प्रशिक्षण मिळालं नाही का?" पीपीलीने चक्क तोंड उघडून सांगितलं, "नाही." म्हणजे तसं नाही, मिळालं आहे. माझ्याकडे बघून सांगितलं, तेव्हा मला भरून आलं.

एकही प्रश्न असा नाही ज्याला तोंडाने उत्तर मिळालं नाही. प्रेंटिसचा चेहरा मात्र उतरत गेला. दोष सापडत नसला की निरीक्षकांचं असं होतं. पास होणार यात शंकाच नाही.

७ ऑक्टोबर, शुक्रवार

रात्रीपासून वादळ. समोरचं घर दिसत नाही. विमान येणार नाही, आजही नाही आणि उद्याही दिसत नाही. हॉटेलातले नळ गोठले, म्हणून प्रेंटिसला आमच्याकडे आणलं. व्यवस्थापकाच्या घरी निरीक्षकाने राहावं का, हा प्रश्नच आहे. पण माणसाला बर्फात उभं ठेवायचं का?

'चार' जातीचा कच्चा मासा पुढे ठेवला. तो बराच वेळ माशाकडे बघत बसला आणि मासा त्याच्याकडे. शेवटी पाव खाल्ला.

८ ऑक्टोबर, शनिवार

पीपीली घरांमध्ये बांधलेला दोर धरून धरून आमच्याकडे आली. वादळात घरी बसवत नाही तिला. दिवसभर पत्ते. प्रेंटिसही बसला आणि हरत गेला. पीपीली अक्षर न बोलता खेळते. पान हवं का विचारलं की भुवया किंवा नाक. प्रेंटिस प्रत्येक वेळी चुकीचं पान द्यायचा. चौथ्या की पाचव्या डावाला त्याने पानं खाली ठेवली आणि लीतियाला विचारलं, ही मघापासून चेहऱ्याने काय करतेय? लीतियाने सांगितलं.

प्रेंटिस उठला. पिशवीतून ऑगस्टातला अहवाल काढला, खिडकीपाशी उभा राहून वाचला. मग परत येऊन पीपीलीसमोर बसला आणि तिच्या चेहऱ्याकडे बघत विचारलं, विमान उतरण्याआधी धावपट्टी तपासता का? पीपीलीने भुवया वर केल्या. त्याने डोकं हातांत धरलं. मग तो 'हो' आणि 'नाही'चा घोळही निघाला, इटुलूच्या दारूचा: 'पीत नाही ना'ला 'हो' म्हटलं की इंग्रजीत 'पितो' असा अर्थ होतो म्हणे. कोण कशाला हो म्हणालं होतं ते लीतियाने एकेक करून सोडवून दिलं आणि तो खाडाखोड करत बसला.

आमच्या तोंडी उत्तरांवर एवढी मेहनत घेतल्यावर हे असं. पण संध्याकाळी त्याने मासा खाल्ला. आणखी हवा का विचारलं, तर भुवया वर केल्या. कपाळाला एवढ्या आठ्या पडल्या की दुखलं असेल.

९ ऑक्टोबर, रविवार

वादळ चालूच. फोन मात्र लागला. प्रेंटिस चहा घेत बसला होता, त्याच्यासमोरच बोलावं लागलं. आनाना गप्प. मी विचारलं, ती गप्प. मग फोनवर ती प्रेमळ नर्स आली. म्हणाली, कळलं ना, आज काही त्या बोलत नाहीत, ठेवू का फोन? मी उत्तर दिलं, तरी ती पुन्हा म्हणाली, हॅलो, ऐकताय ना? ठेवू का?

मी वर बघितलं तर प्रेंटिस माझ्या चेहऱ्याकडे टक लावून बघत होता. कप हातातच. का ते कळलं नाही. माझ्या कपाळाला काही लागलंय का म्हणून मी हात फिरवून बघितला. तो हसला नाही. तुझी आई कुठल्या हॉस्पिटलात आहे, एवढंच त्याने विचारलं. त्याच्याच शहरात निघालं.

११ ऑक्टोबर, मंगळवार

आभाळ उघडलं. रेजाँ आला. आनानासाठी गोठवलेला मासा आणि कॅरिबूचं, म्हणजे इथल्या रानहरणाचं, सुकं मांस खोक्यात भरून मी प्रेंटिसकडे दिलं. तिला आठवण राहिली नसेल, पण जिभेला तरी ओळख असेल.

निघेपर्यंत तो स्वतःशी काहीतरी पुटपुटत होता. लीतियाने त्याला आपल्या भाषेतलं एक वाक्य शिकवलंय म्हणे. कुठलं ते दोघांनीही मला सांगितलं नाही. मी घरातला कर्ता माणूस, पण मला कोण विचारतो!

जाताना पास केल्याचा कागद देऊन गेला. त्यात लिहिलंय, 'कर्मचारी सर्व प्रश्नांना तत्काळ उत्तर देतात. बघावे लागते.' शेवटचे दोन शब्द खात्याला चालतील की नाही याची काळजी वाटते.

१४ ऑक्टोबर, शुक्रवार

सकाळी कार्यालयात फोन वाजला. प्रेंटिस. म्हणाला, काल तुझ्या आईकडे जाऊन आलो, मासा दिला. त्यांनी तिथेच, पलंगावर बसून कापून खाल्ला, नर्स बघत राहिली. मी आभार मानायला लागलो, तर म्हणाला, थांब.

"मी त्यांच्यासमोर खुर्ची घेऊन बसलो आणि लीतियाने शिकवलेलं वाक्य म्हटलं. घरी जायचंय का, म्हणून विचारलं. साकियासी, त्यांनी भुवया वर केल्या."

मी खुर्ची ओढून बसलो.

"मी नर्सला विचारलं, ह्या असं कधीपासून करतात? ती म्हणाली, आल्या दिवसापासून. आम्हाला वाटलं, त्यांना आश्चर्य वाटतं."

फोन कधी ठेवला ते आठवत नाही. पीपीलीने येऊन पाटीवरचा कप उचलला आणि बाजूला ठेवला, एवढं आठवतं.

माझी आई पहिल्या दिवसापासून हो म्हणत होती. डॉक्टरांना म्हणाली, दुभाषीच्या फोनला म्हणाली. दर रविवारी मी विचारायचो आणि दर रविवारी ती मला हो म्हणायची. फोन कानाशी, नजर भिंतीकडे. आणि मी तिला इंधनटाकीच्या गोष्टी सांगून फोन ठेवायचो. ती मला विसरली नव्हती. रागावलीही नव्हती. मी हाक मारायचो आणि ती ओ द्यायची, दर वेळेला.

मला फार रडू आलं. व्यवस्थापकाने हे लिहू नये, पण आलं.

१८ ऑक्टोबर, मंगळवार

हॉस्पिटल आधी ऐकेना. रुग्णाची इच्छा तोंडी हवी, नाहीतर सहीने. भुवयांसाठी त्यांच्याकडे रकाना नाही. लीतियाने फोनवर भांडून बघितलं, उपयोग झाला नाही. मग प्रेंटिसने विमान खात्याच्या कागदावर रीतसर तपासणी अहवाल लिहिला. घरी जायचंय का: होकार. इथे राहायचंय का: नकार, जोरदार. जेवण आवडतं का: नकार, त्याहून जोरदार. खाली नर्सची साक्ष आणि विमानतळ निरीक्षकाचा शिक्का.

आई वर्षभर स्वतःच्या चेहऱ्याने सांगत होती, ते चाललं नाही. शिक्का बघितल्याबरोबर चाललं. लीतिया म्हणाली, तुझी नोकरी आता कुठे एकदाची उपयोगाला आली. मी ते कौतुक म्हणून घेतलं आहे.

३ नोव्हेंबर, गुरुवार

आनाना आली.

दिवस आता जेमतेम तोंड दाखवून जातो, पण रेजाँ नेमका तेवढ्यात उतरला. रुग्णविमान तोच घेऊन आला होता. सारं गाव धावपट्टीच्या कडेला. रुग्णाला खाली घ्यायची शिडी खात्याकडे मी मागितली होती. त्यांनी शिडीचं चित्र पाठवलं आहे. म्हणून इटुलूने बर्फ ढकलायच्या यंत्राच्या फावड्यात कॅरिबूची कातडी अंथरली आणि तिला त्यात बसवून असं अलगद खाली आणलं की तिच्या मांडीवरची पिशवीसुद्धा हलली नाही. भुवई अजून पुरती उगवलेली नाही बिचाऱ्याची.

बारीक झाली आहे. हात बघवत नाहीत. मी पुढे गेलो. बोलायचं बरंच ठरवलं होतं, सगळं राहिलं. तिने माझ्याकडे बघितलं, मग माझ्या छातीवरच्या बिल्ल्याकडे, मग पीपीलीकडे. तिला माझ्या आजोबांचं नाव, म्हणजे ती आनानाचा सासरा. वर्षभरात पहिल्यांदा कुणी तिचा आवाज ऐकला असेल, तर तो मी आणि माझ्या गावाने. म्हणाली, "सासरेबुवा, ह्याला तुम्ही काहीच शिकवलं नाहीत."

पीपीलीने भुवया वर केल्या.

आत आणल्यावर आनानाने दर्शनी भिंतीवरचा फलक वाचला. सावकाश, दोनदा. मग नाक मुरडलं. आवडला नाही, हे सांगायला दुभाषी लागली नाही. मी खुर्चीवर चढलो आणि तो उतरवला. आता त्याची मागची बाजू कोरी आहे, ती इटुलूने पत्ते खेळायला घेतली.

रेजाँला लगेच निघायचं होतं, उजेड जात होता. त्याने विमान धावपट्टीच्या टोकाला नेऊन उभं केलं आणि रेडिओ बोलला. पीपीली आनानाच्या पायांत मोजे चढवत होती, म्हणून मी घेतला. वाऱ्याबिऱ्याचं विचारेल म्हणून आकडे बघून ठेवले होते. पण त्याने विचारलं, "तुझी आई नीट पोचली ना, साकियासी?"

मी बटण दाबलं.   समोर आनाना चहात पाव बुडवत होती, लीतियाशी काहीतरी बोलत होती. माझ्या भुवया वर गेल्या आणि वरच राहिल्या. लीतियाने बघितलं आणि आनानाच्या कपात आणखी चहा ओतला.

थोडा वेळ रेडिओत नुसती खरखर होती.

"ऐकलं," रेजाँ म्हणाला, आणि विमान निघालं.